वज्रेश्वरीच्या गावात हिरा सापडेल का?

भिवंडी म्हटलं की तुम्हाला पहिल्यांदा काय आठवतं? यंत्रमागांची खडखड! दिवस असो, रात्र असो, गल्लीगल्लीतून ती चालूच. पण आज आपण मागांकडे पाठ फिरवू आणि वाड्याच्या रस्त्याला लागू. अंबाडी नाक्यावर वळलं की तानसा नदीच्या काठाकाठानं जाणारी वाट वज्रेश्वरीला पोचते. वसईची मोहीम फत्ते झाली तर तुझं देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी अप्पांनी या देवीला केला होता, असं सांगतात. १७३९ साली वसईचा किल्ला पडला आणि देवीचं देऊळ उभं राहिलं.

आता देवीचं नाव बघा. वज्रेश्वरी, म्हणजे वज्राची ईश्वरी. देवीच्या कथेत येतं ते इंद्राचं शस्त्र. पण संस्कृतमध्ये वज्र या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, हिरा! कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आणि वराहमिहिराच्या बृहत्संहितेत हिऱ्याला वज्रच म्हटलंय. मग एखाद्या चौकस मुलाच्या डोक्यात सहज येईल, की गावाचं नावच असं, तर इथल्या डोंगरात हिरे असतील का हो?

समजा, तुमच्या घराजवळ इमारतीचं काम चाललंय. खडीचा डंपर आत्ताच रिकामा झालाय. काळ्याभोर खडीत काहीतरी लखकन चमकलं. तुम्ही उचललंत, तर एका दगडाला चिकटलेला, काचेसारखा पारदर्शक, टोकदार खडा! छाती धडधडायला लागली. हिरा तर नसेल?

थांबा. त्याच्यावर हातोडी मारू नका! खरा हिरा ऐरणीवर ठेवून घणाचे घाव घातले तरी फुटत नाही, हा फार जुना समज आहे. आपल्या संतांच्या अभंगांतही तो दृष्टान्त म्हणून येतो, आणि तिकडे रोमन लेखक प्लिनीनं दोन हजार वर्षांपूर्वी तेच लिहून ठेवलंय. दृष्टान्त म्हणून तो छानच आहे, पण परीक्षा म्हणून नव्हे. या समजापायी किती अस्सल हिऱ्यांचा चुरा झाला असेल कोण जाणे! कठीण असणं आणि चिवट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिरा इतका कठीण की त्याच्यावर ओरखडा काढायला दुसरा हिराच लागतो. पण ठरावीक चार दिशांनी त्याचे अणू जरा सैल जोडलेले असतात. त्या दिशेनं घाव बसला की हिरा सरळ दुभंगतो. हिरे कापणारे कारागीर याच गोष्टीचा फायदा घेत आलेत.

तेव्हा खडा खिशात ठेवा. तो काय आहे ते आपण हातोडी न वापरता शोधून काढू. पण त्याआधी तुमच्या पायाखालच्या जमिनीची गोष्ट.

काळ्या कातळाची जन्मकथा

भिवंडी, ठाणे, कल्याण, नाशिक, पुणे, थेट नागपूरपर्यंत आपला बहुतेक महाराष्ट्र एकाच प्रकारच्या दगडावर बसलाय. काळा कातळ, म्हणजे बसाल्ट. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि लाव्हाचे लोटच्या लोट बाहेर आले. एक थर थंड झाला की त्याच्यावर दुसरा, मग तिसरा. सह्याद्रीच्या कड्यांना पायऱ्यापायऱ्यांसारखा आकार दिसतो ना, ते हेच थर. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन या थरांखाली आहे. भिवंडी तालुक्यातली लोणाडची लेणी ज्या दगडात कोरली, तोही हाच. तुमच्या खडीचा दगडही हाच.

आणि हाच दगड आपल्या हिऱ्याच्या स्वप्नावर पाणी ओततो! कारण हिरा जन्मतो जमिनीखाली दीडशे किलोमीटरहून खोल. तिथं दाब असतो आपल्या हवेच्या दाबाच्या जवळजवळ पन्नास हजार पट. बसाल्टचा रस मात्र त्याहून बराच वरच्या भागात तयार होतो. शिवाय वाटेत तो साचत, रेंगाळत वर येतो. एखादा हिरा चुकून त्यात सापडलाच तर त्याचं एक तर ग्रॅफाइट होईल, म्हणजे पेन्सिलीतल्या शिशासारखा काळा पदार्थ, नाहीतर तो विरघळूनच जाईल. हिरा सुखरूप वर यायचा तर त्याला एक्स्प्रेस गाडी लागते. किंबर्लाइट नावाच्या दगडाचा रस ही ती गाडी. तो खोलवरून निघतो तो वाटेत जवळपास न थांबता, वायूंच्या जोरावर उसळत वर येतो. असे दगड सापडतात ते फार जुन्या, जाड भूखंडांच्या भागात. मध्य प्रदेशातलं पन्ना हे आपल्याकडचं प्रसिद्ध ठिकाण.

मग महाराष्ट्रात हिरे नाहीतच का? पूर्व टोकाला जा! गडचिरोली जिल्ह्यात वैरागड नावाचं गाव आहे, किल्ला आहे. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलनं ‘ऐने अकबरी’त तिथल्या हिऱ्याच्या खाणीची नोंद केलीय. ‘वैरागड’ या नावातही ‘वज्र’ लपलंय, असं अभ्यासक सांगतात. आणि तिथली जमीन आपल्या काळ्या कातळाची नाही, त्याच्याहून कितीतरी जुन्या खडकांची आहे. म्हणजे नावात वज्र दोन्हीकडे, पण हिरा नावावर ठरत नाही, खडकावर ठरतो.

बुडबुड्यातला खजिना

हिरमुसलात? मग आता खिशातला तो खडा पुन्हा बाहेर काढा.

लाव्हा थंड होत असताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात. भजीचं पीठ फेटलं की त्यात बुडबुडे होतात ना, तसेच. दगड घट्ट झाला, वायू निघून गेला, पोकळी उरली. काही पोकळ्या वाटाण्याएवढ्या, काही भोपळ्याएवढ्या, आणि काही इतक्या मोठ्या की त्यात माणूस उतरून उभा राहील. मग हजारो-लाखो वर्षं त्या दगडातून गरम पाणी झिरपत राहिलं. गरम पाणी दगडातली द्रव्यं विरघळवून घेतं. पोकळीत आल्यावर ते निवलं की ती द्रव्यं भिंतींवर जमायला लागतात. अणूवर अणू रचत स्फटिक वाढतो. साखरेच्या पाकात दोरा सोडला की खडीसाखर धरते, त्यातलाच हा प्रकार, फक्त सावकाशीचा.

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी इथली गरम पाण्याची कुंडं तुम्ही पाहिली असतील. ते पाणी म्हणजे खोल भेगांतून जाऊन तापून वर आलेलं पाणी. आपल्या खडीतले स्फटिक काही या कुंडांच्या पाण्यानं बनवले नाहीत, ते काम कितीतरी जुनं. पण कातळातून गरम पाणी कसं फिरत असेल याची कल्पना यायला कुंडाच्या काठी पाच मिनिटं उभं राहावं. (पाय घालण्याआधी हात लावून बघा, नाहीतर कल्पना जरा जास्तच येईल!)

या पोकळ्यांत काय काय मिळतं? गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ. त्याचाच पारदर्शक प्रकार म्हणजे स्फटिक, जांभळा तो अ‍ॅमेथिस्ट. मग कॅल्साइट. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झिओलाइट नावाचं मोठं खानदान. १७५६ साली स्वीडनच्या क्रॉनस्टेट नावाच्या शास्त्रज्ञानं असा एक दगड तापवला, तर तो उकळल्यासारखा फसफसला. म्हणून ग्रीकमधून नाव दिलं, ‘उकळणारा दगड’. या दगडाच्या आत अणूंची जाळी असते आणि जाळीच्या भोकांत पाणी अडकलेलं असतं. तापवलं की ते वाफ होऊन सुटतं. ही जाळी फार कामाची निघाली. आज कारखान्यांत बनवलेले झिओलाइट पेट्रोल शुद्ध करायला लागतात, कपडे धुण्याच्या पावडरीतही असतात.

आपल्या महाराष्ट्राच्या झिओलाइटांना जगात तोड नाही, हे मी अभिमानानं सांगतोय असं समजू नका, जगभरच्या संग्रहालयांची कपाटं तसं सांगतात. पुण्याचा हिरवा अ‍ॅपोफिलाइट तर असा, की पाहणाऱ्यानं तो पाचूच समजावा. (अ‍ॅपोफिलाइट काटेकोरपणे झिओलाइट नव्हे, पण शेजारी एकाच पोकळीत राहणारा.) तो हिरवा का? अमेरिकेतल्या कॅल्टेक संस्थेतले जॉर्ज रॉसमन यांनी या खड्यातून प्रकाश पाठवून कोणते रंग आत शोषले जातात ते मोजलं. १९७४ साली त्यांनी उत्तर छापलं, की हा रंग अगदी थोड्या व्हॅनेडियम धातूमुळे आहे. पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींत तर मोरपिसासारख्या निळ्या रंगाचं कॅव्हनसाइट सापडतं. त्याच्यातही व्हॅनेडियमच. हे खनिज पहिल्यांदा सापडलं अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात, पण तिथले कण बारीक. त्याचे डोळे दिपवणारे गुच्छ पाहायचे तर ते वाघोलीचे!

मुंबईच्या मालाड, कांदिवली, कुर्ला, जोगेश्वरी इथल्या दगडखाणीही अशाच नामांकित होत्या. शहर वाढलं, खाणी बंद झाल्या, त्यांच्या जागी वस्ती उभी राहिली. चालू खाणींतही सगळे स्फटिक काही संग्रहालयात जात नाहीत. सुरुंगाच्या धक्क्यानं निम्मे तिथंच फुटतात, उरलेले क्रशरच्या तोंडी जातात. लाखो वर्षांत वाढलेला गुच्छ दोन सेकंदांत खडी! खाणमालकाला दोष देण्यातही अर्थ नाही. त्याला रोजच्या गाड्या भरायच्या असतात. पण एखाद्या कामगाराची नजर तयार झाली की तो पोकळी दिसताच हात आखडता घेतो, आणि अशाच हातांनी वाचवलेले नमुने सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात तुम्हाला पाहायला मिळतात. नाशिकला गेलात तर चुकवू नका. मात्र एक सांगून ठेवतो. स्वतः चालू खाणीत शिरायचं नाही. सुरुंग कोणाची ओळख विचारत नाही.

वाढदिवसाला हिरे नकोत!

आता हिऱ्याकडे वळू. कारण हिऱ्यावरच्या संशोधनाचा एक मोठा अध्याय आपल्या देशात लिहिला गेला, आणि तो लिहिणाऱ्यांतल्या एका मुलीची गोष्ट मला तुम्हाला सांगायचीच आहे.

हिरा म्हणजे शुद्ध कार्बन, हे तुम्ही शाळेत शिकता. पण हे कळलं कसं? हिरे जाळून! फ्रान्समध्ये लाव्हाझिएनं १७७२ साली भलंमोठं भिंग घेऊन सूर्याचे किरण हिऱ्यावर एकवटले. हिरा नाहीसा झाला आणि चुन्याची निवळी दुधाळ करणारा वायू मागे उरला. पुढं १७९७ साली इंग्लंडच्या स्मिथसन टेनंटनं दाखवलं, की हिरा जाळला काय किंवा तेवढ्याच वजनाचा कोळसा जाळला काय, तो वायू सारखाच निघतो. वायू अर्थातच कार्बन डाय-ऑक्साइड. म्हणजे चुलीतला कोळसा आणि मुकुटातला हिरा सख्खे भाऊ. फरक फक्त अणूंच्या मांडणीचा.

पण मग सगळे हिरे सारखे का नाहीत? काही पिवळसर, काही निळे. काही हिरे अतिनील किरणांखाली अंधारात निळे चमकतात, काही मुळीच चमकत नाहीत. हे कोडं सर चंद्रशेखर वेंकट रामन यांना पडलं. १९२८ च्या २८ फेब्रुवारीला त्यांनी ‘रामन परिणाम’ शोधला, म्हणून आपण त्या दिवशी विज्ञान दिन साजरा करतो. एकाच रंगाचा प्रकाश पदार्थावर टाकला की विखुरलेल्या प्रकाशातला अगदी थोडा भाग रंग बदलून येतो. किती बदलेल ते त्या पदार्थातले अणू कसे थरथरतात यावर ठरतं. म्हणजे प्रत्येक पदार्थाचा जणू अंगठ्याचा ठसाच! हिऱ्याचा ठसा एकदम ठसठशीत, १३३२ या आकड्यावर एकच एक रेघ. काच, स्फटिक, कुणाचीही रेघ तिथं अशी येत नाही.

रामन यांच्या बंगलोरच्या प्रयोगशाळेत १९४० साली एक मुलगी आली. तिचं नाव अण्णा मणी. जन्म १९१८ चा, त्रावणकोर संस्थानातल्या पीरमेडचा. घर सधन. मुलीच्या आठव्या वाढदिवसाला तिला हिऱ्याच्या कुड्या द्यायच्या, अशी त्या घरची रीत. अण्णा म्हणाली, कुड्या नकोत, मला ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’ द्या! आणि नशीब बघा कसं, कानात हिरे नको म्हणणाऱ्या मुलीच्या हाती रामन यांनी संशोधनाला दिले ते हिरेच. आणि माणकं.

काम कसलं होतं? प्रत्येक हिऱ्यावर प्रकाश टाकायचा, तो कसा चमकतो, कोणते रंग शोषतो, याचा वर्णपट काचेच्या फोटोप्लेटवर घ्यायचा. उजेड इतका अंधुक की एकेका प्लेटला पंधरा-वीस तास लागत. हिरा कधी द्रवरूप हवेच्या थंडीत ठेवायचा. मध्येच दिवा हलला, उपकरण सरकलं, की सगळं पहिल्यापासून! अण्णा मणी कित्येकदा रात्रीही प्रयोगशाळेतच मुक्काम करत. अशा त्यांनी तीसहून जास्त हिऱ्यांच्या नोंदी केल्या आणि १९४२ ते १९४५ या काळात एकटीच्या नावावर पाच शोधनिबंध लिहिले.

१९४५ साली त्यांनी पीएच.डी.साठी प्रबंध मद्रास विद्यापीठाकडे पाठवला. विद्यापीठानं सांगितलं, तुम्ही एम.एस्सी. नाही, म्हणून पदवी देता येत नाही. बी.एस्सी. ऑनर्सनंतर शिष्यवृत्ती मिळवून त्या थेट संशोधनाला लागल्या होत्या, तेवढाच काय तो गुन्हा! तीस हिरे, पाच निबंध, असंख्य रात्री, यांतलं काहीही मोजलं गेलं नाही. तो प्रबंध आजही बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात आहे, पदवीविना.

अण्णा मणींनी पुढं त्याचं भांडवल केलं नाही. इंग्लंडला जाऊन त्या हवामानाची उपकरणं बनवायला शिकल्या आणि १९४८ साली परतल्यावर आपल्या पुण्याला आल्या, हवामान खात्यात. शिवाजीनगरला ज्याला जुने पुणेकर ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, तेच हे खातं. पाऊस, वारा, ऊन मोजणारी उपकरणं तोवर परदेशातून यायची. ती इथं बनावीत म्हणून त्यांनी शंभरएक उपकरणांचे आराखडे पक्के केले. २००१ साली त्या वारल्या, डॉक्टर न होताच.

आता या गोष्टीतली गंमत ऐका. हिरा चमकतो तो त्याच्या रचनेचाच गुण आहे, त्यात काही परकं मिसळलंय म्हणून नव्हे, असं रामन यांचं ठाम मत होतं. इंग्लंडच्या कॅथलीन लॉन्सडेल यांना ते पटत नव्हतं. वाद चांगलाच रंगला. १९५९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या कायझर आणि बाँड यांनी दाखवलं, की बऱ्याच हिऱ्यांत चक्क नायट्रोजन असतो, आपल्या हवेतला तोच! हिऱ्याचा पिवळेपणा आणि ती निळी चमक बहुतेक वेळा या नायट्रोजनच्या खोडीमुळे असते. म्हणजे नोबेल पारितोषिक मिळवलेले रामन इथं चुकले होते. पण अण्णा मणींच्या प्लेटवरच्या रेघा काही चुकल्या नाहीत. त्या कशामुळे आल्या याचं उत्तर बदललं, मोजमाप तसंच राहिलं.

डागाळलेला हिरा लाखमोलाचा

सराफाच्या दुकानात हिरा जितका निर्मळ तितका महाग. शास्त्रज्ञांच्या दुकानात उलटा भाव! त्यांना आत डाग असलेला हिरा हवा असतो. कारण तो डाग म्हणजे पृथ्वीच्या पोटातला एखादा कण, हिऱ्यानं वाढताना पोटात घेतलेला. हिऱ्याइतकी घट्ट कुपी दुसरी नाही. अशा कणांच्या अभ्यासातून काही हिऱ्यांचं वय तीनशे कोटी वर्षांच्या पलीकडे गेलं. आपला सह्याद्री त्यांच्यापुढे तान्हं बाळ!

ब्राझीलमध्ये जुईना इथं असाच एक मळकट, तपकिरी हिरा मिळाला होता. वजन ०.०९ ग्रॅम. दागिन्यासाठी कुणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या ग्रॅहम पिअरसन यांच्या गटानं त्यात रामन परिणामाच्या आणि क्ष-किरणांच्या मदतीनं एक सूक्ष्म कण ओळखला, रिंगवुडाइटचा. हे खनिज तोवर उल्कांमध्ये मिळालं होतं, प्रयोगशाळेत बनवलं गेलं होतं, पण पृथ्वीच्या पोटातून आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. ते ४१० ते ६६० किलोमीटर खोलीवर असणार, असा हिशेब होता. २०१४ साली हे जाहीर झालं, आणि त्याहून मोठी बातमी म्हणजे त्या कणात वजनाच्या सुमारे दीड टक्का पाणी होतं! वाहणारं नव्हे, स्फटिकाच्या रचनेत बांधलेलं. पण तेवढ्या खोलीवर पाणी आहे याचा पहिला हातात धरण्याजोगा पुरावा हा, ज्याला रंग ना रूप अशा हिऱ्यातला.

कारखान्यातला हिरा आणि आत्याची अंगठी

हिरा माणसाला बनवता येतो का? केव्हाच! अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत ट्रेसी हॉल यांनी १६ डिसेंबर १९५४ ला तो बनवला आणि १९५५ च्या फेब्रुवारीत जगाला कळलं. मागाहून उघड झालं, की स्वीडनच्या एका कंपनीला हे १९५३ लाच जमलं होतं, पण तिनं बोभाटा केला नव्हता. प्रचंड दाब, दीड हजार अंशांच्या आसपास उष्णता, आणि वितळलेल्या धातूत विरघळलेला कार्बन, ही एक रीत. दुसरी रीत जास्त मजेची. हिऱ्याची पातळ चकती ‘बी’ म्हणून ठेवायची, भोवती मिथेन आणि हायड्रोजन वायू सोडायचे, ते तापवून तोडायचे, की कार्बनचे अणू चकतीवर थराथरानं बसत जातात. हिरा चक्क पेरून उगवायचा! सुरतेत आज असे हिरे मोठ्या प्रमाणावर उगवतात. २०२३ साली केंद्र सरकारनं त्यांच्या संशोधनासाठी मद्रासच्या आयआयटीला पाच वर्षांकरता सुमारे २४२ कोटी रुपये मंजूर केले.

हे हिरे खोटे नाहीत बरं का. कार्बन तोच, मांडणी तीच, रामनची १३३२ ची रेघसुद्धा तीच! मग खाणीतला कोणता आणि कारखान्यातला कोणता, हे ओळखायचं कसं? साध्या डोळ्यांना अशक्य, भिंगालाही अवघड. पण तीव्र अतिनील किरणांखाली दोघांच्या वाढीच्या खुणा वेगळ्या दिसतात, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारख्या. वायूतून उगवलेल्या हिऱ्यात बऱ्याचदा सिलिकॉनचे चुकार अणू सापडतात, त्यांचा लाल उजेड उपकरणाला दिसतो. ही परीक्षा करणाऱ्या प्रयोगशाळा मुंबईत आहेत. १९७१ पासूनची जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया त्यांतलीच. हिरा उगवलेला असेल तर तसं सांगून, त्याच भावात विकावा, भांडण एवढंच आहे.

न सांगता विकलं की काय होतं ते आमच्या घरानं पाहिलंय. माझी आत्या भिवंडीत राहायची. तिचे यजमान, आम्ही त्यांना काका म्हणायचो, मागावर होते. एकदा काम बराच काळ बंद पडलं. कुणीतरी सांगितलं, काकांना पुष्कराज घाला, दिवस पालटतील. आत्यानं दोन बांगड्या मोडल्या आणि खडा घेतला, पावतीबिवती काही नाही. कितीतरी वर्षांनी माझ्या आत्येभावानं ती अंगठी मुंबईला एका प्रयोगशाळेत नेली. पुष्कराज म्हणजे माणिक-नीलाचा पिवळा भाऊ. प्रकाश वाकवण्याचा त्याचा आकडा १.७६ च्या वर असतो. या खड्याचा आला १.५२. भिंगाखाली आत गोल बुडबुडे दिसले. काच! दहा मिनिटांचं काम. आत्यानं तो कागद नीट घडी करून डब्यात ठेवला. काकांना सांगितलं नाही, आणि त्यांनी ती अंगठी शेवटपर्यंत घातली.

हो, एक राहिलंच. भिवंडीत हिरा नाही असं मी वर म्हणालो, ते तितकंसं खरं नाही. तुमच्या इमारतीत फरशी बसवणारा कारागीर बघा. त्याच्या कटरच्या चकतीला कडेनं जो खरखरीत भाग असतो, त्यात हिऱ्याचे बारीक कण असतात, कारखान्यात बनवलेले. काळ्या कातळात हिरा नाही खरा, पण काळा कातळ कापायला हिराच लागतो.

आता तुमचा खडा

घरात डिजिटल वजनकाटा असेल तर उत्तम, नाहीतर किराणा दुकानदारकाकांना विनंती करा. खडा बोराहून मोठा असावा आणि काळ्या दगडापासून सुटा झालेला असावा, नाहीतर दोघांचं मिळून वजन येईल.

आधी कोरड्या खड्याचं वजन लिहून ठेवा. मग पाण्यानं अर्धा भरलेला पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. खड्याला बारीक दोरा बांधा आणि तो पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असा हातानं धरा. काटा आता जो आकडा दाखवेल तोही लिहा. पहिल्या आकड्याला दुसऱ्यानं भागा, झाली घनता! समजा, कोरडं वजन ५३ ग्रॅम आणि पाण्यातला आकडा २०, तर उत्तर २.६५.

उत्तर २.६५ च्या जवळ आलं तर गारगोटी किंवा स्फटिक. ती काचेवर ओरखडा काढते, जुन्या बाटलीच्या तुकड्यावर करून बघा (खिडकीवर नको!). २.७१ च्या जवळ आलं तर कॅल्साइट असेल. त्यावर लिंबाचे दोन थेंब टाका, बारीक बुडबुडे येतील. २.१ ते २.४ मध्ये आलं तर झिओलाइट किंवा त्याचा शेजारी अ‍ॅपोफिलाइट. ३.५२ आलं तर? तर पहिल्यांदा खड्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटानं पुसा, दोरा पेल्याच्या कडेला लागला नव्हता ना ते बघा आणि पुन्हा मोजा. तीनदा मोजून तीनदाही तेच आलं, तरच आई-बाबांना हाक मारा.